जुनी बीएमडब्ल्यू, मर्सिडीज किंवा ऑडी बेळगावात आणायची तर

पुण्या-मुंबईच्या बाजारात सहा-सात वर्षांची बीएमडब्ल्यू ३ सिरीज किंवा मर्सिडीज सी-क्लास नव्या मध्यम एसयूव्हीच्या किमतीत दिसते, आणि बेळगाव, निपाणी, खानापूरकडच्या गिऱ्हाइकाचं मन तिथं अडकतं. अडकू दे, गाडी आहेच तशी. वंटमुरीच्या चढावर ती ज्या सहजतेनं खेचते आणि वळणात ज्या भरवशानं बसते, ते त्या किमतीच्या नव्या गाडीत मिळत नाही. पण सीमाभागात अशा गाडीचा भाव दोन ठिकाणी ठरतो. एक मालकाच्या दारात, दुसरा आरटीओच्या खिडकीवर. दुसरा आधी काढा, मग पहिल्यावर बोलायला बसा.

आधी पाटी, मग गाडी

कर्नाटकात मोटारीवर आयुष्यभराचा कर एकदम भरावा लागतो आणि तो देशातल्या चढ्या करांपैकी एक आहे. १० ते २० लाखांच्या गाडीला १७ टक्के, २० लाखांच्या वर १८ टक्के, आणि त्या करावर उपकर वेगळा. परराज्यातली जुनी गाडी इथं नोंदवताना वयाप्रमाणे टप्प्याटप्प्यानं सूट मिळते, पण हिशेब गाडी नवी असतानाच्या किमतीवर होतो, तुम्ही दिलेल्या किमतीवर नाही. बहुतेकांची गफलत नेमकी इथं होते.

उदाहरण घ्या. नवी असताना ६० लाखांची गाडी तुम्हाला कोल्हापुरात २४ लाखांना मिळाली. १८ टक्क्यांनी मूळ कर होतो १० लाख ८० हजार. वयाची सूट निम्म्यापर्यंत धरली तरी ५ लाख ४० हजार भरायचे, वर उपकर. म्हणजे २४ लाखांची गाडी ३० लाखांच्या घरात गेली. तीच गाडी बंगळूरची, केए नंबरपाटीची, २७ लाखांना मिळत असेल तर ती स्वस्त पडते, कारण तिचा कर भरलेला आहे. फक्त नाव आणि पत्ता बदलायचा. म्हणून शोध सुरू करताना पहिली चाळणी पाटीची लावा: आधी केए, मग एमएच, मग बाकीच्या. आणि परराज्यातली गाडी पसंत पडली तर टोकन देण्याआधी आरसीची प्रत, मूळ इनव्हॉइस आणि नोंदणीची तारीख घेऊन आपल्या आरटीओत कराचा नेमका आकडा विचारून या. एजंटाच्या तोंडी अंदाजावर सौदा करू नका.

कोल्हापूरची एमएच-०९ पाटी ठेवून गाडी इथंच वापरायची, हा विचार सीमाभागात सगळ्यांच्याच मनात येतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे दुसऱ्या राज्यात गाडी १२ महिन्यांहून जास्त ठेवली तर तिथं नवी नोंदणी घ्यावीच लागते. आज गडहिंग्लज, उद्या बेळगाव अशी खरीच ये-जा असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा टोलच्या पावत्या, सर्व्हिसची बिलं जपून ठेवा. पण घर बेळगावच्या टिळकवाडीत, मुलांची शाळा टिळकवाडीत आणि गाडी कोल्हापूरच्या मेहुण्याच्या नावावर, ही व्यवस्था टिकत नाही. अपघातात दाव्याचे पैसे पॉलिसी ज्याच्या नावावर त्याला मिळतात, कर्ज आणि चलन त्याच्या डोक्यावर बसतात, आणि उद्या घरात वाटणीचा विषय निघाला तर गाडी कागदोपत्री तुमची नसतेच. नात्यात कटुता आणण्याइतकी कुठलीच मोटार मोलाची नाही.

पीवाय म्हणजे पुदुच्चेरीच्या पाटीच्या महागड्या गाड्यांपासून लांब राहा. कमी करासाठी तिथल्या पत्त्यावर नोंदवलेल्या असतात आणि कर्नाटकच्या परिवहन खात्याची नजर त्यांच्यावर असते. दिल्लीच्या गाड्या स्वस्त दिसतात, कारण तिथं जुन्या डिझेल-पेट्रोल गाड्यांवर वयाचे निर्बंध आले. इकडचा कर, वाहतूक आणि एनओसीचे, म्हणजे मूळ आरटीओच्या ना-हरकत पत्राचे, हेलपाटे जोडले की तो स्वस्तपणा फारसा उरत नाही. गोव्याची गाडी हाताच्या अंतरावर आहे, पण किनाऱ्यावर उभी राहिलेली असेल तर खालून गंज बघितल्याशिवाय पुढं बोलू नका: सबफ्रेम (इंजिन आणि सस्पेन्शन धरणारा खालचा सांगाडा), ब्रेकच्या धातूच्या नळ्या आणि सायलेन्सरचे जोड.

आरसीची मुदतही बघा. खासगी गाडीची नोंदणी पहिल्या तारखेपासून १५ वर्षं चालते, नंतर फिटनेस करून ५ वर्षांनी वाढवावी लागते. २०१२ची गाडी घेताना पंधरावं वर्ष दारात उभं आहे हे धरून चला.

कोणतं इंजिन घ्यावं

मॉडेलच्या नावापेक्षा इंजिनाचा कोड महत्त्वाचा. एकाच ३२०डी नावाखाली दोन वेगळी इंजिनं येतात आणि त्यांचं भवितव्यही वेगळं असतं.

बीएमडब्ल्यू ३२०डीमध्ये २०१५च्या सुमारापर्यंत एन४७ डिझेल होतं. त्याची टायमिंग चेन, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टन एका तालात ठेवणारी साखळी, इंजिनाच्या मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडं आहे. चेन सैल झाली की थंड इंजिन सुरू करताना मागून खरखर येते. ती बदलायची तर गिअरबॉक्स किंवा इंजिन उतरवावं लागतं, म्हणून सुट्या भागांपेक्षा मजुरी जास्त. सुरुवातीच्या, २०११पर्यंतच्या इंजिनांत हा त्रास सर्वात जास्त. तुटली तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात आणि इंजिन संपतं. चेन बदलल्याचं बिल हातात असेल तरच ही गाडी घ्यावी. त्यानंतरचं बी४७ बरंच सुधारलेलं आहे. ईजीआर कूलरमधून (इंजिनात परत जाणारा धूर थंड करणाऱ्या भागातून) कूलंट गळून आग लागण्याच्या धोक्यामुळं बीएमडब्ल्यूनं २०१८मध्ये अनेक देशांत डिझेल गाड्या परत बोलावल्या होत्या. त्यामुळं कुठलीही जुनी डिझेल घेताना चेसिस क्रमांक अधिकृत सर्व्हिस सेंटरला देऊन काही रिकॉल बाकी आहे का ते विचारा. विचारायला पैसे लागत नाहीत.

पेट्रोल ३२८आय मध्ये एन२० इंजिन. त्यात चेनला जागेवर धरणाऱ्या पट्ट्या, म्हणजे गाइड, प्लॅस्टिकचे, ते ठिसूळ होऊन तुटतात आणि तुकडे खालच्या ऑइल पॅनमध्ये जाऊन ऑइल पंपाची जाळी बुजवतात. २०१५च्या सुरुवातीला कंपनीनं गाइड बदलले. ओळख अशी: वेग वाढवताना इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर चढत जाणारी बारीक शिट्टी ऐकू येते. ती ऐकली तर सौदा सोडा किंवा चेनचं पूर्ण काम किमतीतून वजा करा. नंतरची बी४८, म्हणजे नव्या ३३०आय मधली चार सिलिंडर, आणि एम३४०आय मधली बी५८ सहा सिलिंडर ही दोन्ही इंजिनं मनापासून शिफारस करावी अशी आहेत. बजेट पोचत असेल तर कमी किमतीच्या एन२० पेक्षा जास्त चाललेली पण नीट सांभाळलेली बी४८ घ्या.

या बहुतेक गाड्यांत झेडएफ कंपनीचा आठ गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे. कागदावर त्याचं तेल ‘आयुष्यभराचं’ म्हणून लिहिलेलं असतं, पण खुद्द झेडएफ ८० हजार ते १ लाख २० हजार किमीला तेल बदलायला सांगते. फिल्टर प्लॅस्टिकच्या ऑइल पॅनमध्येच बसवलेला असल्यानं अख्खा पॅन बदलावा लागतो. एक लाखावर चाललेल्या गाडीचं हे बिल मागा. नसेल तर तो खर्च तुमचा आहे असं धरून भाव करा.

मर्सिडीज सी-क्लासच्या डब्ल्यू२०४ पिढीत सी२०० पेट्रोलला एम२७१ इंजिन होतं. थंड सुरुवातीला दोन-तीन सेकंद साखळीचा आवाज आला तर चेन ताणली आहे आणि कॅमशाफ्टचे दाते झिजले आहेत. त्याच पिढीत स्टिअरिंगचं इलेक्ट्रॉनिक लॉक अचानक बंद पडतं आणि किल्ली फिरवूनही गाडी जागची हलत नाही. ते काम कधी झालंय का ते विचारून घ्या. डिझेलच्या ओएम६५१ मध्ये सुरुवातीच्या वर्षांत इंजेक्टरचा त्रास गाजला. इंजेक्टर बदलल्याचा कागद असणं हा चांगला भाग, वाईट नव्हे. नंतरची डब्ल्यू२०५ सीमाभागाच्या रस्त्यांना चांगली सोसते.

ऑडी ए४ च्या बी८ पिढीतलं १.८ टीएफएसआय पेट्रोल ऑइल पितं. पिस्टनच्या रिंगा तेल नीट खरवडत नाहीत, ते जळतं. १००० किमीला १ लिटरच्या आसपास लागत असेल तर इंजिन उघडण्याची तयारी ठेवा. चेन ताणून ठेवणारा टेन्शनरही साधारण २०१२पर्यंतच्या इंजिनांत कच्चा होता. त्याच पिढीतल्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या ऑटोमॅटिकमध्ये मल्टिट्रॉनिक गिअरबॉक्स असतो. तो टाळलेलाच बरा. बी९ पिढीत सात गिअरचा एस-ट्रॉनिक आला आणि गाडी एकंदरीत सुधारली.

जॅग्वार एक्सई दिसायला सर्वात देखणी. शहरात थोडं-थोडं फिरवलेल्या तिच्या डिझेलमध्ये काजळी जाळताना इंधन इंजिन ऑइलमध्ये मिसळतं आणि ऑइल पातळ होतं. लांब पल्ला चालवणाऱ्यानंच घ्यावी.

पेट्रोल की डिझेल, हे रोजच्या चालवण्यावर ठरवा. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेलमध्ये काजळीचा फिल्टर असतो आणि तो साफ व्हायला महामार्गावर सलग अर्धा तास तरी चालावं लागतं. कॅम्पातून शहापूर आणि शहापूरहून परत, एवढंच फिरणं असेल तर पेट्रोलच घ्या.

देशात जुळणी झालेली गाडी घ्या: बीएमडब्ल्यू चेन्नईत, मर्सिडीज चाकणला, ऑडी छत्रपती संभाजीनगरला जोडली जाते. संपूर्ण आयात झालेल्या दुर्मिळ मॉडेलचा साधा बंपर यायला महिने लागतात.

पुराच्या गाड्या

हा भाग घाईनं वाचू नका. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये कोल्हापूर, सांगली आणि निपाणीकडचा पट्टा पाण्याखाली गेला, महामार्ग बंद पडला, पंचगंगा-वेदगंगेच्या काठच्या तळमजल्यांत उभ्या गाड्या बुडाल्या. बंगळूरमध्ये सप्टेंबर २०२२ ला बाहेरच्या वसाहतींत पाणी शिरून कित्येक महागड्या गाड्या भिजल्या. चेन्नईत डिसेंबर २०१५, केरळात ऑगस्ट २०१८, दिल्लीत यमुनाकाठी जुलै २०२३. या तारखा मोबाइलमध्ये लिहून ठेवा. गाडी त्या काळात कुठं होती ते आरसी आणि सर्व्हिसच्या नोंदींवरून काढा. ऑगस्ट २०१९ ला कोल्हापुरात असलेली गाडी पुढचे सहा महिने कुठंच सर्व्हिसला गेली नाही आणि मग एकदम दुसऱ्या शहरात विकली गेली, तर प्रश्न विचारायलाच हवा. विमा कंपनीकडून दाव्यांचा इतिहास मालकानं मागवून द्यावा. देणार नाही म्हणाला तर तेच उत्तर समजा.

गाडीजवळ गेल्यावर मागच्या सीटचा पट्टा पूर्ण शेवटपर्यंत बाहेर ओढा. पुराची गाडी धुऊन काढणारे पट्टा शेवटपर्यंत ओढत नाहीत. मातीची रेघ तिथं राहते. पुढच्या सीटखाली टॉर्च मारून सीटचे रूळ, स्क्रू आणि खालचे वायरिंगचे कनेक्टर बघा: गंज किंवा हिरवट-पांढरी पावडर दिसली की पाणी तिथवर आलेलं होतं. गालिच्याची कड उचलून खालच्या फोमला हात लावा. मग डिकी. ई९० आणि एफ३० पिढीच्या बीएमडब्ल्यू ३ सिरीजमध्ये बॅटरी डिकीत उजव्या बाजूला असते, शेजारी इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल. त्या खोबणीत चिखलाचा थर किंवा पाण्याची पातळी दाखवणारी रेघ लपत नाही. दिव्यांच्या काचेत आतून बाष्प, नव्या अत्तराचा उग्र वास, आणि जुन्या गाडीत एकदम कोरे गालिचे, हे तीनही एकत्र आले तर परत फिरा.

एक गोष्ट मात्र लक्षात घ्या. ओला गालिचा म्हणजे पूरच असं नाही. सनरूफचे निचऱ्याचे पाइप पालापाचोळ्यानं बुजतात आणि आपल्याकडच्या पावसात पाणी खांबांतून खाली उतरतं. खानापूर-जांबोटीकडं झाडाखाली उभी राहणारी गाडी असेल तर हे अगदी सामान्य. सनरूफ उघडून कोपऱ्यांत अर्धा ग्लास पाणी ओता. ते चाकाजवळून खाली पडलं तर पाइप मोकळा आहे.

गाडीसमोर उभं राहून

सकाळी जा आणि मालकाला आधीच सांगा की इंजिन सुरू करून ठेवू नका. पोचताच बॉनेटला हात लावा. कोमट लागलं तर चहा घ्या, दोन तास थांबा किंवा दुसऱ्या दिवशी या. चेन, टेन्शनर आणि इंजेक्टरचे आवाज थंड सुरुवातीच्या पहिल्या पाच सेकंदांत ऐकू येतात. गरम इंजिन ते झाकून टाकतं.

सुरू करताना एक माणूस मागं उभा करा. पेट्रोलमधून निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा, गोडसर वासाचा आणि थांबतच नाही असा धूर म्हणजे कूलंट सिलिंडरमध्ये जातंय. सकाळच्या गारव्यातली थोडी वाफ यात धरू नका. कूलंटच्या टाकीची पातळी आणि रंग बघा. नुसतं पाणी भरलेलं असेल तर गळती कुठंतरी आहे आणि ती लपवली आहे. बीएमडब्ल्यूत ऑइल फिल्टरच्या घराची गॅस्केट गळते, तेल इंजिनाच्या बाहेरच्या रबरी पट्ट्यावर पडतं आणि पट्टा फाटला तर तो इंजिनात ओढला जाऊ शकतो. त्या भागाला टॉर्च मारा.

मग स्कॅन. गाडीच्या संगणकाला जोडायचा साधा स्वस्त ओबीडी डोंगल पुरत नाही. बीएमडब्ल्यूला इस्ता, मर्सिडीजला झेंट्री, ऑडीला ओडिस किंवा व्हीसीडीएस लागतं. या सिस्टिम असलेला मेस्त्री सोबत न्या, त्याचे दिवसाचे पैसे द्या. त्याच्याकडून तीन गोष्टी काढून घ्या. पहिली, वेगवेगळ्या मॉड्यूलमध्ये नोंदलेले किमी: इंजिन, गिअरबॉक्स, बॉडी कंट्रोल. मीटर मागं फिरवणारे बहुतेक सगळीकडं हात घालत नाहीत, आकडे जुळले नाहीत तर फसवणूक उघडी पडते. दुसरी, संगणकातल्या चुकांच्या नोंदी नुकत्याच पुसल्यात का. रेडीनेसची, म्हणजे गाडी स्वतःच करत असलेली, तपासणी अपुरी दिसली तर कोणीतरी आदल्या दिवशी इशाऱ्याचे दिवे विझवले आहेत. तिसरी, इंजिनाचं सॉफ्टवेअर बदललंय का.

या शेवटच्या गोष्टीकडं एम३४०आय किंवा ऑडी एस५ सारख्या गाड्यांत विशेष लक्ष द्या. ताकद वाढवण्यासाठी ट्यून केलेली आणि विकण्याआधी मूळ सॉफ्टवेअर परत टाकलेली गाडी बाजारात असते. ट्यून करणं गुन्ह्यासारखं बघण्याची गरज नाही, पण गिअरबॉक्सनं आणि टर्बोनं तो भार सोसलेला असतो आणि विमा कंपनीला न कळवलेला बदल दाव्याच्या वेळी नडतो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून सरळ पाइप घातला असेल तर मूळ भाग परत मागा. त्याशिवाय पीयूसी कायदेशीर मिळणार नाही.

रंगाची जाडी मोजणारं यंत्र कोणत्याही चांगल्या बॉडीशॉपमध्ये असतं. कंपनीचा रंग साधारण ९० ते १५० मायक्रॉन. २०० च्या वर म्हणजे परत रंगवलेला, ५०० च्या पुढं म्हणजे खाली पुट्टी. एक दरवाजा रंगवलेला असेल तर घाबरू नका, गावात खरचटतंच. पण छत, खांब किंवा डिकीचा तळ जाड निघाला तर गाडी मोठ्या अपघातातली आहे.

चार टायर. बाजूला चार आकडी शिक्का असतो: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षांपेक्षा जुनी रबर, मग नक्षी कितीही शिल्लक असो, बदलायची. एफ३० एम स्पोर्टला पुढं २२५/४५ आणि मागं २५५/४० आर१८ असतात, म्हणजे पुढचे मागं घालून झीज वाटून घेता येत नाही. रनफ्लॅट, म्हणजे हवा गेली तरी थोडं अंतर चालणारे, टायर असलेल्या बीएमडब्ल्यूत स्टेपनी असेलच असं नाही. चार रनफ्लॅट म्हणजे लाखाच्या घरातला खर्च, सौद्यात तो मोजा. आतल्या बाजूनं हात फिरवून बघा. आपल्याकडच्या खड्ड्यांत टायरला आतून फुगवटा येतो आणि अलॉय चाकाची कड वाकते. बाहेरून काही दिसत नाही.

डिकीतल्या हत्यारांच्या कप्प्यात चाकाच्या लॉक-बोल्टचा छोटा सॉकेट आहे का ते आत्ताच बघा. तो हरवलेला असेल तर रात्री चोर्ला घाटात पंक्चर झाल्यावर चाक उतरणार नाही. दोन्ही किल्ल्या मागा आणि दोन्हींनी गाडी सुरू करून बघा.

चालवून बघायचा रस्ता

शहरात दोन चौक फिरवून काही कळत नाही. बेळगावातून काकती, वंटमुरी घाट, हत्तरगी, संकेश्वर, तवंदी घाट, निपाणी हा रस्ता चाचणीसाठी उत्तम: चढ, उतार आणि सरळ पट्टा तिन्ही मिळतात. गाडी कोल्हापुरात असेल तर तिकडून निपाणीपर्यंत या.

सुरुवातीला गिअर पी मधून आर आणि डी मध्ये टाका. दीड सेकंदापेक्षा जास्त वेळ लागला किंवा झटका बसला तर लिहून ठेवा. हलक्या पायानं ३० ते ६० किमी वेगात चालवा: खालचे गिअर बदलताना थरथर जाणवली तर गिअरबॉक्सचं तेल किंवा त्याचं नियंत्रण करणारं मेकॅट्रॉनिक बघावं लागेल. ७०-८० च्या स्थिर वेगात रस्त्याच्या पट्ट्यांवरून गेल्यासारखा कंप येतो तो इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरचा. ९० ते १०० ला स्टिअरिंगमध्ये कंप येणं बहुतेक वेळा चाकाचं किंवा बॅलन्सिंगचं असतं, आणि तो ब्रेक लावतानाच येत असेल तर डिस्कचा.

वंटमुरीच्या चढावर मोकळा रस्ता बघून पूर्ण जोर द्या. टर्बो सुरळीत भरला पाहिजे. ताकद मध्येच गळाली तर हवेच्या पाइपात गळती किंवा टर्बोचा झडप-भाग अडकलेला. चढ संपताच इंजिन बंद न करता कूलंटचं तापमान बघा. तवंदीच्या उतारावर ब्रेक सलग तपासा आणि पॅडल मऊ पडतंय का ते जाणून घ्या. डिस्कवर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो. परतल्यावर व्हर्निअरनं मोजा. उद्यमबागेतल्या कुठल्याही वर्कशॉपमध्ये व्हर्निअर मिळेल.

परतताना एखाद्या खराब रस्त्यावरून सावकाश न्या, काचा बंद, रेडिओ बंद. पुढून ठक-ठक म्हणजे सस्पेन्शनच्या आर्मचे बुश किंवा स्टॅबिलायझरच्या लिंक. या झिजतात, बदलता येतात, त्यावरून गाडी सोडू नका. भाव कमी करा. शेवटी गाडी लिफ्टवर घेऊन खालून बघा. ३ सिरीजची जमिनीपासूनची उंची कमी आणि आपल्या गावोगावचे गतिरोधक ठाऊक आहेतच. इंजिनाखालचं झाकण, ऑइल पॅन आणि गिअरबॉक्सचा प्लॅस्टिक पॅन यांवर घासल्याच्या खुणा किती खोल आहेत ते बघा.

पैसे आणि कागद

टोकन छोटं द्या आणि त्यावर एक ओळ लिहून घ्या: स्कॅन, कर्ज किंवा एनओसीत अडचण आली तर टोकन परत. बाकीचे पैसे बँकेतून. आयकर कायद्यानं एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेण्याला बंदी आहे, आणि भांडण झालं तर रोखीचा पुरावा राहत नाही.

परिवहन पोर्टलवर गाडीची नोंद, विमा, पीयूसी, कर्जाचा बोजा आणि काळी यादी बघा. ई-चलन महाराष्ट्र आणि कर्नाटक दोन्हीकडचं तपासा. सीमाभागातल्या गाडीला दोन्ही बाजूंची चलनं असतात आणि एनओसी तिथं अडते. बोजा असेल तर बँकेचं पत्र आणि तो उतरवण्याचा फॉर्म ३५. गाडी कंपनीच्या नावावर असेल तर लेटरहेडवर सहीचा अधिकार कोणाला आहे ते लिहून हवं.

महाराष्ट्रातून आणताना मालकानं फॉर्म २८ भरून एनओसी घ्यायची. ती नेमक्या आरटीओच्या नावानं निघते: बेळगाव म्हणजे केए-२२, निपाणी-चिकोडीकडं केए-२३. चुकीचं नाव पडलं तर परत पहिल्यापासून. बरोबर फॉर्म २९ च्या दोन प्रती, फॉर्म ३०, आणि इथं नव्या क्रमांकासाठी फॉर्म २७. ऑनलाइन प्रक्रियेत मालकाच्या मोबाइलवर ओटीपी येतो, त्यामुळं आरसीला जोडलेला नंबर चालू आहे ना हे सौद्याआधी बघा; परदेशी गेलेल्या मालकाच्या बंद नंबरमुळं काम महिनाभर लटकतं. दुसऱ्या राज्यात विकल्यास मालकानं ४५ दिवसांत आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं.

केए पाटीच्या गाडीसाठी आरटीओतून बी-एक्स्ट्रॅक्ट काढा. त्यात आधीचे मालक, कर आणि बोजा दिसतो. नोंदी कन्नडमध्ये असतील तर वाचणाऱ्याकडून पूर्ण वाचून घ्या, मगच सही करा.

महाराष्ट्रात भरलेल्या कराचा उरलेला भाग मूळ आरटीओकडून परत मागता येतो, पण अर्ज इथली नोंदणी झाल्यावर करायचा असतो. तो पैसा कोणाचा, हे करारातच लिहा. नंतर बोलू म्हटलं की तो मालकाकडंच राहतो.

विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज करा. आधीच्या मालकाचा नो-क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, तो माणसाबरोबर जातो. इंजिनात पाणी शिरण्याचं संरक्षण देणारी जोड पॉलिसी आपल्या पावसात घ्याच. पाण्यातून गाडी नेऊन इंजिन अडकलं तर साधी पॉलिसी ते नुकसान बहुतेक वेळा नाकारते. मालकाचा फास्टॅग बंद करायला लावा, नाहीतर तुमचा कोगनोळीचा टोल त्याच्या खात्यातून जाईल. ताबा पावतीवर तारखेबरोबर वेळही लिहा: त्या मिनिटापर्यंतचं चलन आणि अपघात त्याचा, पुढचा तुमचा.

पहिला महिना

किमतीच्या १० ते १५ टक्के रक्कम वेगळी ठेवल्याशिवाय गाडी घेऊ नका. त्यातून आधी इंजिन ऑइल आणि फिल्टर. कंपनी सांगते त्याच मान्यतेचं ऑइल, आणि १५ हजार किमीची वाट न बघता ८ ते १० हजारांवर बदलायचं. ब्रेक ऑइल दोन वर्षांपेक्षा जुनं असेल तर तेही. नंतर गिअरबॉक्सचं तेल. बॅटरी बदलली तर बीएमडब्ल्यूत ती संगणकात नोंदवावी लागते. न नोंदवता बसवली तर गाडी ती जुनीच समजून चार्ज करते आणि नवी बॅटरी लवकर मरते. इंधनाच्या झाकणाआत कोणतं पेट्रोल चालतं याचं लेबल असतं ते वाचा. ई१० (१० टक्के इथेनॉलचं पेट्रोल) पर्यंतच मान्यता असलेल्या जुन्या गाडीत रबरी इंधन पाइप आणि त्यांचे जोड दर सर्व्हिसला बघायला सांगा.

आणि हे सगळं करायला कोण आहे ते गाडी घेण्याआधी ठरवा. तुमच्या ब्रँडचं अधिकृत सर्व्हिस सेंटर नेमकं कोणत्या शहरात आहे, ते गाडी उचलून न्यायला येतात का, आणि त्याच कंपनीची सिस्टिम असलेला खासगी मेस्त्री बेळगावात किंवा हुबळीत कोण, हे दोन्ही फोन नंबर हातात आले की मग टोकन द्या.